शेळी, बदक आणि वासरू

४ मार्च

आत्या,

सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, म्हणून नमस्कार. बाबा म्हणाले, सरळ फोन कर की. पण तुला माझं माहितीये. तू पलीकडून "बोल गं मुंगे" म्हणतेस आणि माझ्या डोक्यातलं सगळं पळून जातं. मग मी "काही नाही, जेवलीस का" विचारते आणि बाबांकडं फोन देते. पत्रात समोर कुणी वाट बघत बसलेलं नसतं.

मला कामाला लागून आता आठ महिने झाले. हॉटेलच्या तळघरात आमची धुलाई आहे. वर किती मजले आहेत ते मी अजून पाहिलेलं नाही, पण वरच्या सगळ्या चादरी मला ओळखतात. ड्रायर अण्णांकडं, ते तेलुगू. इस्त्रीचा मोठा रोलर भाभीकडं, ती हिंदीवाली. आणि घडीच्या टेबलापाशी मी आणि दीदी, ती बंगाली. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमतच नाही. दोन टोकं दीदीनं धरायची, दोन मी, ताणायची, आणि मग एकमेकींकडं चालत यायचं, टोकाला टोक लावायचं. दिवसाला चारशे वेळा आम्ही अशा भेटतो.

आता मुद्दा. अण्णांच्या फोनवर एक गाणं लागलं, त्यात एका बाईचं वासरू सुटतं आणि शेजारच्या मळेवाल्याकडं जातं. भाभी म्हणाली, "अहो, हे आमचं गाणं! त्यात वासरू कुठून आलं? ती बकरी आहे." दीदीनं हातातली चादर खाली टाकली. म्हणाली, "बकरी कसली? बदक! ते त्याच्या तळ्यात जाऊन बसतं." तिघांनी आपापलं लावून दाखवलं. चाल तीच, बाई तशीच, मळेवाला तसाच आगाऊ, फक्त जनावर वेगळं. तेव्हापासून पाच दिवस भांडण चालू आहे, खरं पहिलं कुणाचं. अण्णा म्हणतात आमचं चोरलं. भाभी म्हणते तुम्ही चोरून वर वासरू घातलं.

मी बोलले नाही, पण ते मराठीतही आहे ना? "शेळी माझी सुटली गं, सुटली गं बाई, त्याच्या मळ्यात शिरली गं, बाहेर येत नाही." बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला विचार, ती तरुणपणी सिनेमाच्या गाण्यांत मागं गायला जायची. मला हे माहीतच नव्हतं! तू सांग ना, पहिलं कुठलं? मी नाव न घेता सांगेन त्यांना.

तुझी,
मुंगी


१२ मार्च

मुंगे,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय. आठ महिने चादरी सरळ करून हात सरळ झालेला दिसतोय.

गाण्याचं म्हणशील तर मला काही कल्पना नाही. तुझ्या बापाला कुठलीही गोष्ट अर्धी आठवते आणि दीडपट सांगायची असते. मी पाच-सहा वेळा गेले असेन, तेही गर्दी करायला. आणि ते शेळीचं गाणं काही फार चांगलं नाही. एवढी चांगली गाणी पडलीयेत, ती ऐका.

दुकान ठीक. काल एक आजोबा आले, म्हणाले, चष्मा नको, फक्त तपासून सांगा की माझे डोळे चांगले आहेत, बायकोला दाखवायचंय. तक्त्यावरची सगळ्यात वरची ओळ वाचायला सांगितली. म्हणाले, "तक्ता कुठंय?" आता दोघांत मी कुणाची बाजू घेऊ?

तुझेही डोळे तपासून घे. तळघरात उजेड कमी असतो. वहिनीला सांग, लोणच्याची बरणी मिळाली, झाकण नाही मिळालं.

तुझी आत्या


१९ मार्च

आत्या,

तुला राग आला का? मी तीनदा वाचलं तुझं पत्र. त्यात तुझं सगळं होतं, पण गाण्याच्या ठिकाणी कुणीतरी दार लावल्यासारखं वाटलं. मी शाळा सोडली आणि आता गाणी ऐकत बसते, म्हणून चिडलीस असं वाटलं. तसं असेल तर सांग. मी कामात हयगय करत नाही, सुपरवायझर बाईंना विचार. म्हणजे विचारू नकोस, त्या मला नावानं ओळखत नाहीत.

पण मला आता थांबता येत नाही, कारण मला कळलंय पहिलं कुठलं ते. तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

मी चारही गाणी रोज ऐकते, कामाला जाताना दोन, येताना दोन. दीदीचं बदकाचं गाणं सगळ्यात सावकाश आहे. त्यात बासरी आहे आणि बाईला अजिबात घाई नाही, बदक परत यावं असं तिला मनातून वाटतच नाही. भाभीचं म्हणजे नुसती पळापळ, बकरी पुढं, बाई मागं, ढोलकी त्यांच्याही मागं. अण्णांच्या गाण्यात मागं बायका नाहीतच, पंधरा-वीस बाप्ये आहेत, आणि ते असे ओरडतात की वाटतं अख्खं गाव वासरू शोधायला निघालंय. मराठीत सगळ्यात कमी वाद्यं. एक डफ, एक पेटी आणि मागं पाच-सहा पोरी.

प्रत्येक कडव्याची ओळ संपली की मागचे "हो!" म्हणतात. पहिल्या कडव्यात बरोबर. दुसऱ्यात बरोबर. तिसऱ्यात ती बाई कबूल करते की शेळी सुटली नव्हती, दोर तिनंच सोडला होता. "दोर मीच सोडला गं." तिथं "हो!" लवकर येतं. ती "दोर मीच" एवढंच म्हणते आणि "हो!" आणि मग "सोडला गं". चारही भाषांत, त्याच जागेवर. मी आणि दीदी चादर घेऊन नेमक्या त्याच "हो"ला पाऊल पुढं टाकतो. ठरवलेलं नाही, आपोआप पडतं.

आता ऐक. हिंदीत ते हो सगळ्या मिळून म्हणतात. बंगालीत सगळ्या, हळू. तेलुगूत वीस बाप्ये, एकदम. सगळं ठरवून घेतलेलं. मराठीत मात्र तो आवाज एकटीचा आहे. आणि दचकलेला. ताटातून चमचा पडावा तसा तिच्या तोंडातून निसटलाय. बाकीच्या पोरी तिच्यामागून येतात, तिला सांभाळून घेतल्यासारख्या.

म्हणजे मराठीत ती चूक आहे आणि बाकी तिघांनी त्या चुकीची नक्कल केलीये. मग पहिलं कुठलं? तूच सांग.

आणि आत्या, ती चूकच गाण्यात सगळ्यात भारी आहे. कारण वाटतं, बाईनं कबूल करायच्या आधीच मैत्रिणींना सगळं माहीत होतं! तिला वाटतंय आपण गुपित सांगतोय आणि त्या आधीच "हो!" मला त्या मुलीला भेटावंसं वाटतं, जिच्या तोंडून ते निसटलं.

चिडली नसशील तर लिही.

मुंगी


९ एप्रिल

मुंगे,

तीन आठवडे होत आले तुझं पत्र येऊन. रोज दुकानात नेते आणि रोज परत आणते. चिडले नव्हते गं. चिडायला तोंड तरी पाहिजे.

ती मी.

आता खाली बस आणि ऐक, आणि हे कुणालाही सांगायचं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही सहा जणी एका माइकभोवती, मी सगळ्यात टोकाला, कारण सगळ्यात नवी. मुख्य गाणाऱ्या बाई काचेपलीकडं. आणि समोर संगीतकार साहेब, हात वर करून खुणा करायला. त्यांनी हात उचलला की आम्ही हो म्हणायचं. तेव्हा सगळं एकत्रच घ्यायचे, एकाचं चुकलं की सगळ्यांचं पहिल्यापासून. सकाळपासून अकरा वेळा झालं होतं. कधी पेटीवाला, कधी डफ. बाराव्या वेळी सगळं जुळून आलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, कुणी श्वास घेत नव्हतं. तिसऱ्यात बाई "दोर मीच" म्हणाल्या आणि साहेबांचा हात वर गेला, आणि मी हो म्हटलं.

त्यांनी खूण केलीच नव्हती. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो वर ढकलत होते.

गाणं संपेपर्यंत मी कशी उभी राहिले मला माहीत नाही. संपलं. साहेबांनी कानावरचं काढलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, जेवून घ्या. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर पडले ती थेट बसस्टॉपवर. घरी सांगितलं, घसा बसलाय. नंतर शेजारच्यांकडं माझ्यासाठी तीनदा फोन आला, तिन्ही वेळा मी आतून हातानं "नाहीये म्हणा" केलं. शिव्या खायला कोण जाईल? दुसऱ्या दिवशी पाच जणींत पुन्हा घेतलं असणार, हे मी धरूनच चालले. पुन्हा त्या बाजूला गेले नाही. आणि ते गाणं आजपर्यंत पुरतं ऐकलेलं नाही. डफ सुरू झाला की मी रेडिओ बंद करते, रिक्षात असले तर उतरते. चार भाषांत झालं हे मला तुझ्याकडून कळलं.

मग चष्म्याच्या दुकानात लागले. लोक विचारतात ही लाइन का निवडली. मी हसते. आज तो माणूस माझ्या काउंटरला आला, तर दोन मिनिटांत काड्या आवळून देईन, चष्मा पुन्हा आयुष्यात घसरायचा नाही.

म्हणून विचारते, खरं सांग. नक्की आहे ते? तिसऱ्या कडव्यात? एकटीचा आवाज? माझी समजूत काढायला लिहिलं नाहीस ना? पण कसं लिहिशील, तुला तर माहीतच नव्हतं.

पळून जायची खोड आपल्या दोघींना कुठून आली कोण जाणे. तुझा बाप तर पाहुण्यांनी हाकलल्याशिवाय उठत नाही.

आत्या


१४ एप्रिल

आत्या आत्या आत्या,

नक्की आहे! तिसऱ्या कडव्यात, एकटीचा, आणि तो तू आहेस! मी लगेच पुन्हा ऐकलं आणि कळलंच. फोनवर मी बराच वेळ बोलले नाही की तू "हो?" करतेस ना, तेच ते.

आणि तीन फोन शिव्या घालायला कोण करतं? बाबा एकदाच शिव्या घालतात आणि विसरतात. तीनदा फोन माणूस चांगलं सांगायला करतो. मला वाटतं ते तुला सांगायला बघत होते की तुझं हो तसंच ठेवलंय.

आता एक वाईट गोष्ट. मी सांगून टाकलं.

ऐकून घे आधी. काल भाभी म्हणाली, निकाल लागला, पहिलं हिंदीच, कारण तिच्या दिरानं सांगितलं. दीर कोण, तर टायरचं दुकान आहे त्याचं. आणि आत्या, माझं तोंड उघडलं. मी म्हणाले, "नाही." एवढंच म्हणायचं होतं, पण मागोमाग सगळंच आलं. एकटीचा आवाज, वीस बाप्ये, नक्कल, चूक. अण्णांनी ड्रायर बंद केला ऐकायला. आठ महिन्यांत मी तिथं एवढं बोलले नव्हते. भाभी म्हणाली, "अगं बाई, ही बोलते!" आणि मग विचारलं, "पण कशावरून चूक? मुद्दाम केलं असेल." आणि मी म्हणाले, "माझी आत्या आहे ती. चष्मा घसरला होता."

मग दीदी रडायलाच लागली, हसत हसत. म्हणाली, म्हणजे आपण दिवसाला चारशे वेळा हिच्या आत्याच्या आवाजावर पाऊल टाकतोय? अण्णा म्हणाले, आमच्या वीस बाप्यांना तुझ्या आत्यानं कामाला लावलं. भाभी अजून मानत नाही. म्हणते, आत्याला आण, माझ्यासमोर हो म्हणू दे, मग बघू.

तू रागाव, पण नंतर. आधी गाणं ऐक. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, तुझ्या दुकानातल्या स्पीकरला लागतो ना तसला. चारच गाणी आहेत आणि क्रम मी ठरवलाय. पहिलं अण्णांचं, कारण ते तुला सगळ्यात लांबचं, एक शब्द कळणार नाही. मग दीदीचं, मग भाभीचं. आपलं शेवटी. एकदम पाण्यात उडी नको मारायला, एकेक पायरी उतर.

मुंगी


२० एप्रिल

मुंगे,

पेनड्राइव्ह पोचला. खणात ठेवलाय, चष्म्याला नाकापाशी लावायच्या रबरांच्या डबीत. सुरक्षित आहे.

रागावले नाही. तू "नाही" म्हणालीस हे वाचून दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याला ती गोल फ्रेम शोभत नाही. शोभत नव्हतीच.

ऐकेन. घाई करू नकोस. समज, तुला ऐकायला चुकलं असेल तर? समज, दुसऱ्याच कुणाचा आवाज असेल? आत्ता निदान तू म्हणतेस म्हणून तो माझा आहे. ऐकलं आणि नसला, तर हेही जाईल.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

एकच ऐक. फक्त अण्णांचं. त्यात तू नाहीसच, मग घाबरायचं कशाला? वीस बाप्ये आहेत, तेच घाबरतील.

अण्णांनी निरोप दिलाय, आवाज मोठा ठेवा.

मुंगी


२ मे

मुंगे,

ऐकलं.

काल दुपारी ते तक्तावाले आजोबा पुन्हा आले, या वेळी बायकोनं हाताला धरून आणलेले. त्यांना तपासणीची फ्रेम लावून बसवलं, दोन्ही डोळ्यांत भिंगं घातली आणि म्हटलं, पाच मिनिटं असेच बसा, डोळ्यांना सवय होऊ दे. खरं तर अर्धं मिनिट पुरतं. मला सोबत पाहिजे होती.

अण्णांचं लावलं. मुंगे, ते बाप्ये! तिसऱ्या कडव्याशी मी काउंटरची कड धरली आणि वीस जण माझी चूक करून गेले, छाती काढून, जशी काही त्यांना कुणी बक्षीस देणार होतं. आजीबाई म्हणाल्या, छान आहे, वासराचं आहे का? त्यांना कसं कळलं देव जाणे. मग बदक. बदकाचं तर मी दोनदा ऐकलं, बासरीसाठी. तू म्हणालीस ते खरं, त्या बाईला बदक परत नकोच आहे. मग बकरी. बकरीच्या मागं पळून पळून मला घाम आला.

मग डफ सुरू झाला. हात स्पीकरकडं गेला, सवयीनं. आजीबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, हे तर आपल्यातलंच दिसतंय."

राहू दिलं.

मी आहे, मुंगे. एकटी, दचकलेली, एकोणीस वर्षांची. तू म्हणालीस तशीच. आणि बाकीच्या पाच जणी माझ्यामागून धावत आल्या ते तर मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं. मी समजत होते सगळ्या माझ्यावर चिडल्या. त्या तर माझ्यामागं उभ्या राहिल्या.

पण आता मी तुला एक सांगते, जे तुझ्या तीक्ष्ण कानांना कळलं नाही. तू "हो"पर्यंत ऐकलंस. त्याच्या पुढचा शब्द ऐक. "सोडला गं." त्यातल्या "ला"वर मोठ्या बाईंचा आवाज हलतो. सूर हलत नाही, आवाज हलतो. अगं, त्या हसतायत! काचेपलीकडं, बाराव्या वेळी, एवढ्या मोठ्या बाई, माझं हो ऐकून हसू दाबून गातायत. आणि ते हसू दाबलेलं असल्यामुळंच ती ओळ अशी लागते, की हो, पकडले गेले, सोडला मीच! मी पुन्हा मागं जाऊन बाकीची तीन ऐकली. त्यांतल्या तिघी गाणाऱ्या बाई त्याच "ला"च्या जागी हसतात. नीट, ठरवून, गोड. नकलेतली नक्कल. पण खरं हसू एकच, आणि ते मी आणलेलं.

मी साहेबांच्या तोंडाकडंच बघत राहिले त्या दिवशी. काचेकडं बघितलं असतं, तर बसस्टॉपवर गेले नसते.

आजोबांनी भिंगांतून माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, तुम्ही रडताय की हसताय? मला आता स्पष्ट दिसतंय, पण कळत नाहीये." आजीबाई म्हणाल्या, "पुन्हा लावा." मी लावलं. या वेळी बरोबर म्हणायचं ठरवलं, वेळेवर, साहेबांना पाहिजे होतं तसं. पहिलं कडवं बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला आजोबांनी ती फ्रेम वर ढकलायला हात उचलला.

शपथ सांगते, मुद्दाम नाही केलं.

आजीबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा घड्याळवाला बघायला आला. त्यालाही ऐकवलं. संध्याकाळपर्यंत दुकानात सहा जण झाले होते आणि चष्मा एकही विकला गेला नाही.

रविवारची बस धरते. सकाळी तुमच्याकडं. सोमवारी मला तुझ्या तळघरात घेऊन चल, सुपरवायझर बाईंना मी बघते. भाभीला सांग, पुरावा येतोय. फक्त एक अडचण आहे, मला हो सोडून त्या गाण्यातलं काही म्हणता येत नाही, तेव्हाही नव्हतं येत. शेळीच्या ओळी कुणीतरी म्हणायला लागतील, आणि त्या घोळक्यात मराठी येणारी तू एकटीच आहेस.

तेव्हा पाठ कर. आणि मला खूण करू नकोस, मी माझ्या वेळेनं येईन.

आत्या